पासंग

मोठा तराजू वर्षातून एकदाच माळ्यावरून खाली यायचा. तो खाली येत असताना घरात कोणी शिंकायचं नाही, असा अप्पांचा दंडक होता. शिंकेनं दांडी डोलते, डोललेली दांडी रुसते आणि रुसलेली दांडी दिवसभर खरं बोलत नाही, असं ते सांगत.

त्या सकाळी धाकटा काका शिंकला.

"झालं!" आत्या म्हणाली.

"काय झालं?"

"काही नाही. आता बघच."

आत्याचं 'आता बघच' ऐकलं की घरातली माणसं वाळत घातलेले कपडे आत आणत. धाकट्या काकानं फक्त नाक पुसलं आणि दोराला हिसका दिला. पितळी दांडी माणसाच्या उंचीची, दोन पारडी एवढी मोठी की एकेकात वासरू पाय दुमडून बसावं. ते सगळं धूड अप्पांच्या तराजू-कारखान्याच्या तुळईला लटकलं. डुललं. थांबलं. अप्पांनी लगेच दोन्ही पारड्यांखाली पाट सरकवले. रिकामा तराजू कुणाच्या नजरेला पडू द्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा दंडक. तो का, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. अप्पांचे दंडक इतके होते की प्रत्येकाला 'का' विचारत बसलं तर जेवायला वेळ उरला नसता.

या तराजूत काही पितळ किंवा तांबं तोलायचं नव्हतं. तोलायचे होते टिवल्या आणि गिट्टी.

टिवल्या हा अप्पांचा नातू. टिवल्याबावल्या करण्यात जन्म चालला होता म्हणून टिवल्या. गिट्टी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची, बस ड्रायव्हरची मुलगी. दोघं एकाच सकाळी, एकाच सुईणीच्या हातून, एकाच जिन्याच्या वर आणि खाली जन्मली. सुईण म्हणाली, वजन करा. नेमकी दुकानातली झाडून सगळी वजनं सरकारी शिक्का मारून घ्यायला गेलेली. तेव्हा अप्पांनी एका पारड्यात नातू ठेवला, दुसऱ्यात भाडेकरूची पोर ठेवली आणि काटा असा मधोमध उभा राहिला की सुईणीनं हात जोडले. अप्पांनी जन्मभर तराजू घडवले होते, पण असा निर्लज्जपणे सरळ काटा त्यांनी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून ही दोन पोरं म्हणजे दुकानाची प्रमाण वजनं. दर वर्षी त्यांना समोरासमोर तोलायचं, आणि मग मोठ्या तराजूशी ताडून वर्षभराचे तराजू करायचे. गावातल्या भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांकडे याच दुकानचा माल.

आता वजनं म्हटली की जपायला हवीत. टिवल्यानं दोन पोळ्या खाल्ल्या की गिट्टीलाही दोन. टिवल्याला गोवर आला तेव्हा त्याच्याबरोबर ठणठणीत गिट्टीलाही पेजेवर ठेवलं. शाळेच्या छपरावरून गणिताच्या मास्तरांची सावली पकडायला जाऊन टिवल्यानं पाय मोडून घेतला, तेव्हा डॉक्टरला अप्पांनी दोन पाय प्लास्टरमध्ये घालायला लावले. एक टिवल्याचा आणि एक गिट्टीचा.

"हिचा मोडलेला नाही," डॉक्टर म्हणाला होता.

"प्लास्टरला वजन असतं की नसतं?" अप्पांनी विचारलं होतं. डॉक्टरनं दुसरं प्लास्टर भिजवायला घेतलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ड्रायव्हरची बदली झाली.

त्याची बायको पुढे जाऊन नव्या घराला चुना लावत होती. सामान टेम्पोत चढलं होतं. टेम्पो दारात उभा होता आणि टेम्पोवाला गाद्यांवर आडवा होऊन मिनिटामिनिटाला जांभई देत होता. राहिली होती गिट्टी.

"वजन दुकानाबाहेर जात नाही," अप्पांनी ठणकावलं होतं. "पोर इथे राहील, आमच्यात जेवेल, माझ्या हाताखाली शिकेल."

ड्रायव्हर साधा माणूस. समोरून ट्रक आला तरी आधी त्याला नमस्कार करेल असा. पण मुलीवरून तो पहिल्यांदाच अडला होता. "अप्पा, वाद नको. तोलून बघा. काटा सरळ राहिला तर ती तुमची. पारडं झुकलं तर मी घेऊन जातो."

"झुकतंय कशाला!" अप्पा म्हणाले.

आणि म्हणून आज सगळे कारखान्यात जमले होते. नव्हते फक्त टिवल्याचे बाबा. ते तराजू विकायला फिरतीवर गेले होते, त्यालाही आता बरेच दिवस झाले. पत्र यायचं, 'विक्री चालू आहे' एवढंच.

टिवल्याची आई दाराला टेकून उभी होती. तिच्या मते या पोरावर जगात एकच कुलूप लागू पडत होतं, ते म्हणजे गिट्टी. तो मास्तरांच्या सायकलीत मुंग्या सोडायला निघाला की गिट्टी म्हणायची, "मुंग्यांचं काय चुकलं?" आणि तो परत यायचा. कुलूप गेलं तर पोर हातचं गेलं. तेव्हा गेले चार दिवस, घरातले झोपले की नाही याची पर्वा न करता भर दुपारी, तिनं टिवल्याच्या सदऱ्याच्या शिवणीत शिशाचे तुकडे टाचले होते. टिवल्या अंगानं काडी. एक पोर दुसऱ्यापेक्षा हलकं पडतंय हे आईच्या डोळ्यांना कधीच दिसलं होतं.

आत्याला गिट्टी जायला हवी होती. कारण साधं होतं आणि ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. दांडीवर काटा बसवायचं काम अप्पा दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. आत्यानं लहानपणापासून ते मागितलं. 'तुझा हात थरथरतो' म्हणून त्यांनी तिला गल्ल्यावर बसवलं, ती तिथेच म्हातारी व्हायला आली. आणि मागच्या आठवड्यात अप्पांनी हातातला काटा सरळ गिट्टीच्या हातात दिला. "बसव ग." आत्या ते पाहून गल्ल्यावरून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तेव्हापासून येता-जाता गिट्टीला भरवत सुटली. लोणी, केळी, दूध, परत केळी.

"बाईंना माया फुटली," टिवल्याची आई म्हणायची.

"फुटते कधीकधी," आत्या म्हणायची.

"चला, बसा!" अप्पांनी आवाज दिला.

पोरं बसली. टिवल्या चालताना खुळखुळत होता. त्यानं स्वतःही खिशांची सोय केलेली होती. अप्पांनी पाट काढले. दांडी हलली. काटा उजवीकडे गेला, डावीकडे गेला, थोडा विचार केल्यासारखा थबकला, आणि मधोमध उभा राहिला. सरळ. जन्मदिवशीसारखा.

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा! बघा, लेको!"

ड्रायव्हरनं मान खाली घातली. आईनं पदरात तोंड लपवून हुश्श केलं. आत्या काट्याकडे अशी पाहत होती की तो वितळायला हवा होता.

"एक मिनिट," धाकटा काका म्हणाला. "टिवल्या, खिसा उलटा कर."

धाकट्या काकाला कोणाचंच काही पडलं नव्हतं. त्याला दुकानात विजेवर चालणारे, आकडे दाखवणारे वजनकाटे आणायचे होते, आणि हा पोरांचा खेळ मोडल्याशिवाय ते जमणार नव्हतं.

"खिशात काही नाही," टिवल्या म्हणाला.

"मग वाजतंय काय?"

"हाडं."

काकानं खिसा उलटा केला. नट, बोल्ट, दाराची एक आख्खी कडी आणि शेजारच्या शिवणयंत्राचं चाक खणखणत फरशीवर पडलं. टिवल्याचं पारडं चांगलंच वर गेलं.

"लबाड!" आत्या कडाडली. "आणि सदरा का असा लोंबतोय? शिवणीला काय आहे? वहिनी, हा टाका तर तुझा दिसतो!"

"माझाच आहे," आई म्हणाली. "आणि केळी कोणाची आहेत ते सांगू का?"

"केळी खायलाच असतात!"

"डझनानं?"

सदरा उतरवला. टिवल्या उघडाबंब, आणखी वर. मग ड्रायव्हरनं एकाएकी घसा खाकरला, पुढे आला आणि काही न बोलता मुलीच्या फ्रॉकच्या खिशातून बसच्या चाकाचा पाना काढला. "माफ करा," तो म्हणाला. "मला वाटलं, एवढ्यानं काही…"

"बाबा!" गिट्टी म्हणाली. "तुम्ही म्हणालात डबा आहे!"

"तू पण, ड्रायव्हर?" अप्पा हबकले.

"म्हणजे या घरात सरळ मी एकटाच," धाकटा काका म्हणाला, आणि आत्यानं वाकून गिट्टीच्या पारड्याखालून तिथे चिकटवलेलं लोहचुंबक काढून त्याच्या हातात ठेवलं. पितळेला ते चिकटत नाही, म्हणून त्यानं खळ लावली होती.

कारखान्यात कोणी कोणाकडे बघेना. सगळं काढून झालं होतं. राहिली होती नुसती दोन पोरं. गिट्टीचं पारडं निवांत फरशीला टेकलं होतं. टिवल्या वर तुळईजवळ मांडी घालून लोंबकळत होता, आणि एवढ्या उंचीवरून कोणालाही तोंड दाखवायची त्याची इच्छा नव्हती.

"झुकलं," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "अप्पा, झुकलं ना?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "कानस द्या."

"काय?"

"कानस. गिट्टीच्या बाजूनं दांडी थोडी घासतो. दर वर्षीसारखी."

आधी कोणाला समजलं नाही. मग सगळ्यांना एकदमच समजलं.

"दर वर्षीसारखी?" धाकट्या काकाचा आवाज चिरकला.

"मग? पासंग काढायला नको?" अप्पा त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहत होते. "तराजू वाकडा लटकला तर हलक्या बाजूला तुकडा बांधतात, त्याला पासंग म्हणतात, एवढंही विसरलास? मला बांधणं आवडत नाही. मी जड बाजू घासतो."

"पण अप्पा, पोरं वाढतात! ती सारखी राहत नाहीत!"

"पोरं प्रमाण आहेत. प्रमाण चुकत नाही. तराजू चुकतो."

धाकटा काका खाली बसला. "म्हणजे सगळ्या गावाचे तराजू…"

"आपल्या पोरांप्रमाणे. मग काय शेजाऱ्यांच्या पोरांप्रमाणे करू?"

आता एकेकाच्या डोक्यात उजेड पडायला लागला. टिवल्याला गोवर आला त्या वर्षी गावात कोणाच्याच घरी साखर महिनाअखेर पुरली नव्हती. पाय मोडला त्या वर्षी सोनार अचानक माडी बांधायला लागला होता. "मी दुकानातल्या काट्यावर वजन करून जेवण अर्धं केलं!" काका ओरडला. "वर्षभर! लोक म्हणतात याला काय झालं, आणि मी म्हणतो अजून जाडच आहे!"

"खात जा," अप्पा म्हणाले आणि शिडी लावली.

ड्रायव्हर पुढे झाला. "अप्पा, हे बरोबर नाही. तुम्ही तराजूच बदलणार?"

"तुझी अट काय होती? काटा सरळ झाला तर पोर माझी. मी सरळ करतो. मग काय तो सरळ व्हायला पोरं कापू?"

ड्रायव्हरनं पाना या हातातून त्या हातात घेतला. टिवल्याच्या आईला मनातून आनंद झाला आणि लगेच त्याची लाज वाटली. अप्पांची कानस दांडीवर खर्र खर्र फिरू लागली.

"मला उतरायचंय," गिट्टी म्हणाली.

इतक्या वेळात तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. वजनाला कोण विचारतं?

"उतर की," आत्या म्हणाली.

"मी उतरले तर हा पडेल. टिवल्या, आधी काकांचा हात धरून खाली ये."

"नाही येणार," टिवल्या वरून म्हणाला. त्यानं दोन्ही हातांनी साखळ्या घट्ट पकडल्या. काका हात पुढे करायला गेला तर त्यानं लाथ झाडली. त्याच्या डोक्यात हिशेब एकदम सोपा झाला होता. तो वर आहे तोवर ती खाली अडकली. ती उतरली तर तो आपटणार, आणि तो आपटेल असं ती काही करणार नाही. लहानपणापासूनचा अनुभव होता.

"टिवल्या, वेडेपणा नको."

"तू जाऊ नकोस, मग येतो."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. अप्पा कानस थांबवून ऐकू लागले. दोन्ही पोरं आता अशी बोलत होती की कारखान्यात दुसरं कोणीच नाही.

"तुला जायचंय?" टिवल्यानं विचारलं.

"हो."

"का? मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस. म्हणजे मुंग्या वगैरे केलंस. पण तिथे ना, माझा पाय मोडला तरच मला प्लास्टर घालतील."

टिवल्यानं आपल्या पायाकडे पाहिलं.

"तुला ताप आला की मला पेज नाही मिळणार. मला माझाच ताप येईल. आणि तोलायच्या आधी मला उपाशी राहावं लागणार नाही."

"उपाशी?" आत्या मध्येच म्हणाली.

"मी जड होते ना. कधीपासून. म्हणून आदल्या दिवशी मी जेवायची नाही. ताटातलं मांजराला द्यायची." गिट्टी आत्याकडे वळली. "या वर्षी तुम्ही सारखं खायला दिलंत. मला कळेचना नाही कसं म्हणायचं. मग मी खाल्लंच. आत्या, पोट भरलं की इतकं छान वाटतं, मला माहीतच नव्हतं."

आत्या कधी खाली बसत नसे. ती तिथेच, माल बांधायला आणलेल्या लाकडाच्या भुशात बसली. ज्या केळ्यांनी तिनं या पोरीला घराबाहेर काढायचा घाट घातला होता, ती सगळी केळी तिच्या घशाशी आली. "अप्पा," ती म्हणाली, "शिडीवरून खाली या."

"थोडंच राहिलंय…"

"खाली या म्हणते ना! पोरीला उपाशी ठेवून सरळ झालेला काटा तुम्ही तीस गावांत विकलात. माझा हात थरथरतो म्हणत होतात. थरथरू दे. या हातानं तिला जेवायला तरी वाढलं."

जन्मात अप्पांना असं कोणी बोललं नव्हतं. ते कानस घेऊन मधल्या पायरीवर उभे राहिले, ना वर ना खाली.

"गिट्टी," टिवल्या म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "उतर."

"तू हात धर काकांचा."

"नाही धरणार. तू उतर."

"पडशील! पाय मोडेल!"

"मोडू दे. मोडला तर माझा एकट्याचाच मोडेल."

गिट्टीनं त्याच्याकडे वर पाहिलं. मग ती उठली आणि पारड्याबाहेर पाऊल टाकलं.

टिवल्या खाली आला तो आवाज टेम्पोवाल्यानं बाहेर ऐकला आणि टायर फुटला समजून गाडीखाली डोकावून आला. पारडं आपटलं, उसळलं, टिवल्या त्यातून बाहेर फेकला जाऊन भुशाच्या ढिगात शिरला आणि शिंकत बाहेर आला. पाय मोडला नव्हता, पण घोटा डोळ्यांदेखत लिंबाएवढा फुगला. अप्पा घाईघाईनं आतून पट्ट्या घेऊन आले. दोन. आत्यानं त्यातली एक त्यांच्या हातातून काढून घेतली आणि खणात ठेवून दिली.

निरोप म्हणावा असं काही झालं नाही. गिट्टीनं टिवल्याच्या केसांतला भुसा झटकला. तो म्हणाला, "तिथे मुंग्या असतील का?" ती म्हणाली, "असतील तर मी सोडेन." ड्रायव्हरनं अप्पांना वाकून नमस्कार केला. अप्पा पुटपुटले, "पोर जरा जास्तच वाढली," आणि तेवढ्यावर भाडेकरू आणि मालक यांचा इतक्या वर्षांचा व्यवहार संपला. आत्यानं केळ्यांचा उरलेला घड टेम्पोत ठेवला.

कारखान्यात कोणी पाट लावायचं लक्षात ठेवलं नव्हतं. तराजू रिकामा लटकत होता, आणि तो सरळ नव्हता. इतक्या वर्षांच्या घासण्यानं गिट्टीचं पारडं तुळईला टेकलं होतं, टिवल्याचं फरशीला.

"आई," टिवल्या म्हणाला, "टेम्पो वळणावर गेला असेल?"

वळण दिसायचं ते फक्त वरच्या झरोक्यातून, आणि झरोका तुळईच्या उंचीवर होता. सुजलेला पाय घेऊन शिडी चढणं शक्य नव्हतं. आईनं एकदा पोराकडे पाहिलं, एकदा तराजूकडे. मग पदर खोचून ती फरशीवर टेकलेल्या पारड्यात जाऊन बसली.

"भावजी," ती म्हणाली, "उचला त्याला. त्या वरच्यात ठेवा."

धाकट्या काकानं त्याला उचललं आणि गिट्टीच्या पारड्यात बसवलं. दांडी करकरली, पण हलली नाही. आईपुढे टिवल्याचं वजन ते किती. त्यानं साखळी धरून झरोक्यातून मान बाहेर काढली.

"दिसते का?" खालून आईनं विचारलं.

"गाद्यांवर बसलीय. पाय सोडून."

"बघ मग."

अप्पांनी काट्याकडे पाहिलं. तो इतका कलला होता की त्यांना बघवेना. ते पुन्हा शिडीची पायरी चाचपू लागले. "सूनबाई, उठा बरं. दांडी सरळ करायचीय."

"नाही उठणार," आई म्हणाली. तिनं पारड्यात नीट ठाण मांडलं, साडी सावरली. "वळण लांब आहे, अप्पा. तोवर वाकडीच राहू दे."